करंगळीचा कायदा

आमच्या गावात पहिला मोबाइल आला तो आमच्याच घरात. माझ्या नवऱ्याने आणला. तो कल्याणला एका कारखान्यात होता, आसनगावहून पास काढून जा-ये करायचा. येताना सांगितलेली भाजी हटकून विसरायचा आणि बातम्या मात्र पिशवी भरून आणायचा. मोबाइल येण्याआधी त्या बातम्यांना गावात काडीची किंमत नव्हती. "गप रे, गाडीत कोन काय बोलतं नि तू इथं येऊन ओकतोस," असं माझे थोरले दीर त्याला सगळ्यांदेखत म्हणायचे. मग मोबाइल आला. बातमी तीच, सांगणारा तोच, पण पुढं "मोबाइलवर आलंय" एवढं जोडलं की दीरसुद्धा बिडी विझवून ऐकायला लागले.

शेणव्याच्या पुढं आत वळलं की आमचं गाव लागतं. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, तरी गावात रेंज एकाच जागी मिळायची, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यावर. खाली उभं राहिलं तर फोन म्हणजे नुसता दिवा. म्हणून नवरा संध्याकाळी चहा पिऊन झाला की टाकीकडे निघायचा, जिना चढायचा आणि हात वर करून उभा राहायचा. खाली माणसं जमायची. हल्ली ज्याला सोशल मीडिया म्हणतात तो आमच्या गावात तेव्हाच होता, फक्त त्याला गंजका जिना होता आणि वर माझा नवरा होता. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते मी तिथं रोज फुकट बघत होते.

काय काय आलं त्या टाकीवरून! कुठल्याशा गावात भिंतीतून देव निघाला, ही गोष्ट दहा जणांना सांगा नाहीतर म्हैस आटेल. मीठ संपणार आहे, भरून ठेवा. आमच्या दिरांनी मिठाची गोणी आणली, ती पावसाळ्यात पाझरून अर्धी अंगणात वाहून गेली, तरी त्यांचा फोनवरचा विश्वास काही ढळला नाही. "या खेपेला चुकलं असंल," म्हणाले.

आता माझ्या जाऊबाईंविषयी सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. मी तिला ताई म्हणायचे. मुरबाडकडची, डोंगराखालच्या गावातली. अंगाने किरकोळ, कामाला वाघीण, आणि बोलायला एकदम कमी. लग्न होऊन किती वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. मी तिच्यामागून या घरात आले, मला वर्षाच्या आत मुलगी झाली, आणि त्या दिवसापासून गावातल्या बायकांनी तिला टोचायचं काही बाकी ठेवलं नाही. समोर ताई, मागं वांझ. कधीकधी समोरसुद्धा. आमच्या शेजारची काकी तर त्यात अव्वल होती. काकीला स्वतःला ढीगभर मुलं, आणि जणू ती तिने बक्षीस म्हणून जिंकून आणली होती. मला त्या बाईचा असा राग यायचा की तिच्या अंगणातून जाताना मी मुद्दाम चप्पल फरफटत जायचे.

आणि मग ताईला दिवस गेले. नवस म्हणा, औषध म्हणा, नशीब म्हणा. मुलगा झाला. गुटगुटीत, आणि रडायला लागला की शाळेपर्यंत ऐकू जाईल असा. ताई त्याला जमिनीवर ठेवायला तयार नसायची. कमरेच्या काळ्या दोऱ्यात बिब्बा, गालाला काजळ, उशाशी विळा. मी चेष्टा केली की म्हणायची, "तुला नाय कळायचं गो. तुला मागितल्याबरोबर मिळालं."

मुलगा बसायला लागला होता तेव्हाची ही गोष्ट. थंडीचे दिवस, भाताची झोडणी आटपलेली. पोलिओच्या थेंबांचा रविवार जवळ आला होता. दरवर्षीचंच काम. शाळेच्या ओट्यावर अंगणवाडीच्या बाई बर्फाचा डबा घेऊन बसायच्या, पोराच्या तोंडात थेंब टाकायच्या आणि डाव्या करंगळीच्या नखावर काळ्या पेनाने खूण करायच्या. दुसऱ्या दिवशी नर्सबाईला घेऊन घरोघर फिरायच्या, करंगळ्या बघायच्या आणि दाराच्या चौकटीवर खडूने अक्षर काढून पुढं जायच्या. माझ्या मुलीने सगळे डोस घेतले होते आणि तिला आजार एकच होता, बापासारखी बडबड.

पण त्या वर्षी एका हळदीच्या कार्यक्रमातून बायका नवीनच काहीतरी घेऊन आल्या. थेंबात काहीतरी घातलंय. मुलग्यांना आता काही होत नाही, पण मोठे झाले, लग्न झालं की त्यांना पोर होत नाही. सरकारला माणसं कमी करायचीत. कोणी सांगितलं? हिच्या जावेच्या बहिणीच्या गावात एकाला झालं. त्याचं वय काय? ते कोणाला माहीत नाही. मी विचारलं, "अगं, त्याला पोर होत नाही हे कळायला आधी त्याचं लग्न तरी व्हायला नको का? हे थेंब आलेत कधीपासून?" काकी म्हणाली, "तू धाव्वी शिकलीस म्हणून लय शानी नको होऊ." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी गप्प बसले नाही, पण माझं ऐकतंय कोण. माझ्याकडे मोबाइल नव्हता.

ताई तिथंच बसली होती, मुलगा मांडीवर. तिने त्याच्या पायावरून हात फिरवला. मला तेव्हा वाटलं, हिच्या कानावरून गेलं. पण जिला जन्मभर एकाच शब्दाने सोललंय तिच्या कानावरून तोच शब्द कसा जाईल? आपला पोरगा मोठा होईल आणि त्याच्या बायकोला लोक हेच म्हणतील, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

ही कुजबुज नवऱ्याच्या कानी गेली आणि त्याला चेव चढला. एक सांगायला हवं, माझा नवरा थेंबांच्या बाजूचा होता. त्याच्याबरोबर शाळेत एक पाय वाळलेला मुलगा होता, त्याला हा पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. त्यामुळे थेंब नको म्हणणाऱ्यांचा त्याला मनापासून संताप. तेवढ्यापुरता मला त्याचा अभिमान होता. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. शनिवारी संध्याकाळी तो टाकीवर चढला आणि त्याने एक कायदाच जाहीर केला.

"ऐका रे! नवीन कायदा झालाय, मोबाइलवर आलंय. ज्या पोराच्या करंगळीला काळी खूण नाय, त्याचं नाव रेशनकार्डातून कट. शाळेत घेणार नाय. आनि आईबापाला पोलीस उचलनार, पोर सरकार ताब्यात घेनार!"

खाली सगळे एकदम बोलायला लागले. रात्री जेवताना नवरा खुशीत होता. "बघ उद्या कशी रांग लागते ती," म्हणाला. मलाही तो कायदा खराच वाटला. फोनवर आलंय म्हटल्यावर मी तरी कुठली मोठी लागून गेले.

आता गावाची कशी गंमत झाली बघा. पहिली अफवा म्हणते थेंब घ्याल तर वंश बुडेल. दुसरी म्हणते नाही घ्याल तर पोलीस येतील. आणि गावाने दोन्ही खऱ्या मानल्या! एकीला खोटं ठरवावं असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट लोक म्हणायला लागले, एवढी जबरदस्ती करतात म्हणजे त्या थेंबात नक्कीच काहीतरी असणार. आज आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी उठल्या उठल्या लसीचा एखादा नवा कायदा येऊन पडलेला असतो, खाली हात जोडलेली चित्रं, आणि दुपारी त्याच माणसाकडून लस कशी घातक आहे ते येतं. दोन्हीला त्याच माणसाचा अंगठा. मी वाचते आणि फोन पालथा घालून ठेवते.

रविवारी थोड्या बायका गेल्या, बऱ्याच नाही गेल्या. मी मुलीला घेऊन निघाले तेव्हा ताईला म्हटलं, चला. ती म्हणाली, "पोराला कनकन वाटते. उद्या घरी येतील तेवा देईन." सोमवारी सकाळी मी वालाच्या शेंगा तोडायला वाडीत गेले. परत आले तर दारावर खडूचं अक्षर, आणि मुलाच्या करंगळीवर काळाकुट्ट ठिपका. मला बरं वाटलं. म्हटलं, "बघा ताई, उगाच घाबरत होता." ती चुलीत लाकडं सारत राहिली, माझ्याकडे वळली नाही.

संध्याकाळपासून मुलगा किरकिरायला लागला. मंगळवारी सकाळी बघतो तर ओठ टरटरून सुजलेले, हनुवटीला पाण्याचे फोड, तोंडातून लाळ. छातीशी लावला की किंचाळून मान फिरवायचा. दूध जाईना, पाणी जाईना. ताई त्याला घेऊन ओटीवर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यात रक्ताचा टिपूस नव्हता.

काकी सगळ्यांत आधी पोचली. मुलाचं तोंड बघितलं, करंगळी बघितली आणि बोंब ठोकली, "डोस बाधला गो पोराला!" झालं. घटकाभरात अंगण भरलं. प्रत्येक बाई आत येऊन करंगळी बघून जायची, जशी काही साक्षच काढायला आली आहे. ज्यांनी थेंब दिले होते त्या आपापल्या पोरांची तोंडं उघडून बघायला घरी पळाल्या. कोणीतरी चौकटीवरचं खडूचं अक्षर पदराने पुसलं. दीर अंगणवाडीच्या बाईंच्या नावाने ओरडत होते. आणि आमचे कायदेपंडित माजघरात जाऊन बसले होते.

जीप करून आम्ही शहापूरला गेलो. दीर, ताई, नवरा आणि मी. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी बॅटरीने तोंडात बघितलं आणि विचारलं, "काय भरवलंय याला? काय लावलंय?"

"काय नाय. काल डोस दिला, बस," दीर म्हणाले.

"त्या थेंबांनी असं होत नाही. हे भाजल्यासारखं दिसतंय."

"मग आमी काय खोटं बोलतो?"

"मी असं नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण तोंडात काय गेलंय ते मला कळलं पाहिजे. घशात सूज उतरली तर श्वासाला अडचण होईल. आईला विचारा. आई, काय झालं?"

ताईने मान हलवली. पदराचं टोक दातात धरून ती बाकाच्या काठावर बसली होती, आणि मुलगा घोगऱ्या आवाजात रडत होता, कारण आता त्याला रडायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याचा मोबाइल वाजला. शहापुरात रेंजला काय तोटा. मुरबाडहून ताईचा भाऊ बोलत होता, त्यांच्याकडच्या एसटीडी बूथवरून. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू आलं. "दाजींना सांगा आमी निघतो. मयत कवा उचलनार? आमी येईपर्यंत थांबा." सकाळी शेणव्यावरून सुटलेल्या जीपने कोणाला सांगितलं, त्याने कोणाला सांगितलं, आणि आमच्या आधी आमच्या पोराचं मरण मुरबाडला जाऊन पोचलं! मुलगा माझ्या डोळ्यांसमोर हातपाय झाडत होता. मी नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडले, "जिता आहे! घरी बसा!" आणि बंद केला.

ताईने ते ऐकलं आणि तिला घेरी आली. मी तिला सावरायला गेले, मुलाला तिच्या हातून घेतलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मी ती करंगळी नीट बघितली. काळ्या ठिपक्याभोवतीची कातडी फुगली होती. नखाच्या कडेने बारीक फोड होते. पेनाच्या शाईने फोड येत नाहीत. हे मी आधी कुठंतरी बघितलंय, मला वाटलं, आणि लगेच आठवलं. सापगावला माझ्या माहेरी बाबांच्या टाचेच्या भेगेत एकदा बिब्बा भरला होता आणि तो असाच उतला होता, घोट्यापर्यंत फोड.

बिब्बा आमच्याकडे घरोघर असतो. डोंगरावरच्या पाड्यातल्या बाया टोपलीतून विकायला आणतात. सुई तापवून टोचली की काळं तेल सुटतं, ते भेगेत भरतात. कपड्याला लागलं तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. कोणाला सोसतं, कोणाचं अंग उततं. आणि ज्या वयाचं पोर दिसेल ते तोंडात घालतं त्या वयाच्या पोराच्या करंगळीवर कोणी ते लावेल हे शहाण्या माणसाच्या ध्यानातसुद्धा येणार नाही.

मुलाला बाकावर दिरांजवळ ठेवून मी ताईला दंडाला धरून बाहेर पाण्याच्या नळापाशी नेलं. "ताई, बिब्बा लावलात ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम माझा हात घट्ट धरला. "हळू बोल गो. पाया पडते तुज्या. त्या बाया यायच्या आदी लावला. पोर निजलं होतं. अंगनवाडीची बाई भायेर रायली, नर्सनं बोट बघितलं, खडू मारला, गेल्या. थेंब नाय दिला मी त्याला. नाय द्यायचा मला."

"मग हे आत जाऊन सांगा!"

"सांगितलं तर मला पोलीस धरतील. पोर सरकार घेनार. कायदा हाय."

"कसला कायदा? पोर गुदमरायला लागलंय इथं!"

"तुज्याच नवऱ्यानं वाचून दाखवला ना?" ती म्हणाली. "मोबाइलवर आला ना?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कोणावर चिडावं तेच कळेना. मी तशीच आत गेले, नवऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तो मेसेज दाखवा."

"कंचा मेसेज?"

"कायद्याचा. आत्ताच्या आत्ता दाखवा."

त्याने बटणं दाबल्यासारखं केलं. मी फोन हिसकावला. मला फारसं कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. आत काय होतं? बॅलन्स संपत आला आहे. रिचार्ज करा. नवीन रिंगटोन घ्या. बस. कायदा सोडा, देव नाही, मीठ नाही, काहीच नाही. इतके दिवस हा माणूस टाकीवर उभा राहून रिचार्जचा मेसेज बघत होता आणि गाडीत ऐकलेलं, मनाला आलेलं, सगळं वाचून दाखवल्याच्या थाटात सांगत होता. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आणि आख्खं गाव जेवून उठलं होतं.

"अगं, लोकांनी थेंब घ्यावेत म्हनून बोललो," तो पुटपुटला. "चांगल्यासाठीच ना. नुसतं मी सांगितलं असतं तर कोनी ऐकलं असतं?"

"तुमचं चांगलं त्या बाकावर पडलंय," मी म्हटलं. "जा, वहिनीला सांगा. तुमच्या तोंडाने."

गेला बिचारा. बिचारा म्हणायचं कारण तो खरंच रडायला आला होता. नळापाशी जाऊन म्हणाला, "वयनी, कायदा-बियदा काय नाय. मोबाइलवर काय आलं नाय. मीच बोललो." ताईने त्याच्याकडे एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती सरळ आत गेली आणि डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली.

"बिब्बा लावला बाई. करंगळीला. त्यानं बोट चोखलं."

डॉक्टरीणबाई लगेच कामाला लागल्या. बोट धुतलं, तोंड पुसलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. मग ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कोणी धरून नेत नाही हो. थेंबांची सक्ती नाही, कायदा तर मुळीच नाही. द्यावेत एवढंच आम्ही सांगतो. बरं झालं बोललात, उशीर केला असता तर कठीण होतं." आणि ताई, जी माझ्यासमोर कधी रडली नव्हती, ती तिथं जमिनीवर बसून रडली. मीही रडले. मला राग आला की रडू येतंच.

मुलगा वाचला. काही दिवस चमच्याने दूध पीत होता, मग ओठांवरची खपली निघाली आणि पुन्हा शाळेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडायला लागला. मुरबाडची माणसं मयताला म्हणून निघाली होती, त्यांना मी जेवायला घालून परत पाठवलं.

पण गाव? गावाला काय कळलं? डोस बाधला, शहापूरच्या डॉक्टरने वाचवलं. एवढंच. घरी आल्यावर दिरांनी सांगून टाकलं, घरातली गोष्ट घरात. "पोराला बापाच्या घरातच इख लावलं, असं लोकांना सांगायचं काय? अब्रू हाय का नाय?" नवऱ्याने मान डोलावली. त्याला तर सोयीचंच होतं. थेंबांची बदनामी झाली तरी चालेल पण त्याची टाकी शाबूत राहिली पाहिजे. मी त्याचा मोबाइल तांदळाच्या कणगीत टाकला आणि कुठं टाकला ते सांगितलं नाही. आठवडाभर तो घर उलथंपालथं करत होता, आणि कोणाला फोन करून "माझा मोबाइल हरवलाय" हे सांगायचीही त्याला सोय नव्हती.

अंगणवाडीच्या बाईंचं मात्र जगणं मुश्कील झालं. त्या दिसल्या की बायका पोरांना आत ओढायच्या. कोणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं, एक पोर मारायला निघाली होतीस, आता दुसरं शोधतेस काय? त्या बाई माझ्याकडे येऊन बसल्या, म्हणाल्या, आमच्या हातून असं काय चुकलं तेच मला कळत नाही. माझ्या जिभेवर आलं होतं. मी उठून टाकीवरच चढणार होते, आणि तिथून सगळ्या गावाला ओरडून सांगणार होते. ताईनं मला दारात अडवलं.

"तू नको बोलू," ती म्हणाली. "माजं हाय ते."

मग ती काही बोललीच नाही. दिवस उलटले. मला वाटलं, आता हे असंच राहणार. मी तिच्याशी दोन-चार दिवस नीट बोललेही नाही, स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

थेंब दोन खेपांना असायचे, महिना-दीड महिन्यात दुसऱ्या खेपेचा रविवार आला. शाळेच्या ओट्यावर बाई डबा घेऊन बसल्या होत्या, आणि ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. समोर बोअरिंगच्या हापशापाशी बायका घोळक्याने उभ्या होत्या. पाणी भरायला म्हणून आलेल्या, पण हंडे कधीचे भरले होते. कोण जातं ते बघायचं होतं. काकी पुढं. तिच्या बाजूला तिची सून, कडेवर तान्हं मूल घेऊन.

ताईने मुलाला आंघोळ घातली, झबलं घातलं आणि कडेवर घेतलं. दीर ओटीवर बसले होते. "कुठं निघाली?"

"शाळेत."

"गप घरात बस."

ती चालायला लागली. मी पदर खोचून मागं गेले. दिरांनी मला बघितलं आणि ते पुन्हा बिडीकडे वळले.

हापशापाशी आलो तेव्हा काकी आडवी आली. "येडी झालीस काय गो? एकदा जळलं ना पोराचं तोंड त्या थेंबानं?"

ताई थांबली. "थेंबानं नाय जळलं. मी जाळलं. बिब्बा लावला करंगळीला, खूण दिसावी म्हनून. थेंब मी त्याला पाजलाच नवता."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बघता बघता एकीने आपल्या मुलाची मूठ पदराखाली घेतली, मग दुसरीने. बिब्बा लावणारी ताई एकटीच नव्हती हे मला तेव्हा कळलं. फक्त बाकीच्यांची पोरं बोट न चोखणारी निघाली.

काकी मात्र हरणारी नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "ते असंल गो. पन मागाहून पोर होत नाय म्हनतात ना? तुला एवढ्या नवसानं झाला. त्याचं तसं झालं तर?"

मी पुढं होणार होते. ताईने मला हाताने मागं सारलं. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही.

"काकी, मला लहानपनी कोनी थेंब पाजले? आमच्या गावाला तेवा नर्ससुदा येत नवती. कोनीच नाय पाजले. तरी तुज्या घरी बारसं होतं तेवा तू मला पाळन्याला हात लावू दिला नाय. 'वांझेनं लांब बसावं,' बोललीस. मग मला कंचा डोस बाधला होता?"

ताईने उत्तराची वाट बघितली, खरंच बघितली, आणि मग ओट्याच्या पायऱ्या चढून मुलाला बाईंपुढं धरलं. बाईंनी थेंब टाकले. त्याने तोंड वाकडं केलं, करंगळी पुढं केल्यावर भोकाड पसरलं.

मग काकीच्या सुनेने भरलेला हंडा तिथंच खाली ठेवला, सासूकडे न बघता तिच्या बाजूने पुढं आली आणि ताईच्या मागं ओट्यावर येऊन उभी राहिली.